बंदरावरचे तिघे

सराव सामना बघून खेळाडूचा निकाल लावणे हा आपल्या लोकांचा फार जुना आणि आवडता उद्योग आहे. सीझन सुरू व्हायला अजून पंधरा दिवस असतात, मॅचला पॉइंट नसतात, कॅप्टनने हुकमी बॉलरला मुद्दाम बाहेर बसवलेलं असतं, कोणीतरी दुखऱ्या खांद्याचा अंदाज घेत असतो... आणि बाउंड्रीबाहेर आपण मात्र "हा संपला", "हा यंदा गाजवणार" असे शिक्के मारून मोकळे!

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे हॉकी नाहीच म्हटलं तरी चालेल. क्रिकेट आणि कबड्डी, बस्स. पण शिक्के मारण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. मारुती मंदिरच्या स्टेडियमवर संध्याकाळी एखादी टीम नुसती प्रॅक्टिस करत असली, तरी कडेला चार काका उभे राहून पुढच्या महिन्याच्या स्पर्धेचा निकाल जाहीर करून टाकतात. "ह्याचं काय खरं नाही रे यंदा" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा अर्थ "आज हवा छान आहे" इतपतच राहिलाय.

तर मंडळी, आजची गोष्ट हॉकीची, मुंबईची आणि १९२८ सालची. एका सराव सामन्यावरून एका अख्ख्या शहराने एका टीमबद्दल मत बनवलं, त्याची. ती टीम कोणती होती हे कळलं की थोडं हसू येतं. आणि मग थोडं वाईटही वाटतं.

आधी पार्श्वभूमी. भारतीय हॉकी महासंघ ग्वाल्हेरला स्थापन झाला १९२५ मध्ये. म्हणजे १९२८ मध्ये ही संस्था जेमतेम तीन वर्षांची. त्या वर्षी ॲम्स्टरडॅमला ऑलिंपिक होतं आणि भारताने पहिल्यांदाच हॉकीचा संघ पाठवायचं ठरवलं. खेळाडू निवडायचे कसे? तर कलकत्त्याला एक आंतरप्रांतीय स्पर्धा भरवली. त्यात पाच संघ आले: संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत. संयुक्त प्रांत जिंकला. त्या स्पर्धेतल्या खेळावरून ऑलिंपिकचा संघ निवडला गेला.

पाच नावं परत वाचा. मुंबई नाहीये त्यात. आणि हे लहानसहान नव्हे. मुंबईत हॉकी तेव्हा चांगलीच रुजलेली होती. आगाखान चषकाची स्पर्धा १८९६ पासून इथे चालू होती, म्हणजे मुंबईच्या प्रेक्षकाने तोवर तीस वर्षं हॉकी बघितलेली होती. खेळ कळणारं गाव, स्वतःची तगडी टीम, आणि "भारताच्या" संघात आपलं माणूस नाही. आता अशा गावात तो संघ बोटीत चढण्याआधी सराव सामना खेळायला आला, तर गावाचं मन कुठे असेल, सांगा बघू?

सामना झाला. मुंबई ३, ऑलिंपिक संघ २.

झालं! जो संघ मुंबईला हरवू शकत नाही तो जगाला काय हरवणार? तर्क अगदी बिनतोड वाटतो ना? १० मार्च १९२८ ला 'कैसर-ए-हिंद' या बोटीने संघ निघाला. बंदरावर निरोप द्यायला किती माणसं आली होती? तीन. महासंघाचे अध्यक्ष बर्न-मर्डॉक, उपाध्यक्ष न्यूहॅम, आणि एस. भट्टाचार्जी नावाचे एक पत्रकार. दोन पदाधिकारी आणि एक बातमीदार. थोडक्यात, ज्याला आपण "प्रेक्षक" म्हणतो तो माणूस एकही नाही. हे ध्यानचंदनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'गोल' या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. चोवीस वर्षांनंतरही तो आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता, यावरूनच काय ते समजा.

कोकणातल्या माणसाला या आकड्याचं जास्तच वाईट वाटेल. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं मुंबईत गिरण्यांत आणि गोदीत कामाला होती, आणि गावी जायचं ते बोटीनेच. जुन्या माणसांकडून ऐकलंय, की एक साधा गिरणी कामगार गणपतीला गावी निघाला तरी त्याला धक्क्यावर पोचवायला खोलीतली आठ-दहा माणसं यायची. कोणाच्या हातात ट्रंक, कोणाच्या हातात गावच्या पोरांसाठी खाऊ. आणि इथे सात समुद्रापार ऑलिंपिकला निघालेल्या तेरा जणांना तिघं.

तेरा जण का, तर पैसे. मुळात पंधरा हजार रुपये कमी पडत होते आणि त्यामुळे अकराच जणांना पाठवायचं घाटत होतं. मध्य प्रांताचा रेक्स नॉरिस आणि बंगालचा शौकत अली हे दोघं गळणार होते. शेवटच्या क्षणी बंगालच्या हॉकी संघटनेने पैशांची सोय केली म्हणून ते दोघं बोटीत चढले. बाकी कर्णधार जयपाल सिंग ऑक्सफर्डला होते, ते पुढे इंग्लंडमध्ये संघाला मिळणार होते. म्हणजे मुंबईत जी टीम हरली त्या टीमकडे तिचा कॅप्टनसुद्धा नव्हता.

आता पुढचं तुम्हाला माहीत असेलच, तरी आकडे लिहितो, कारण मला ते लिहायला आवडतात. ऑस्ट्रियाविरुद्ध ६-०. बेल्जियम ९-०. डेन्मार्क ५-०. स्वित्झर्लंड ६-०. आणि २६ मे ला अंतिम सामन्यात यजमान नेदरलंड्स ३-०. पाच सामने, २९ गोल केले, खाल्ले शून्य. एकट्या ध्यानचंदचे १४. गोलकीपर रिचर्ड ॲलनच्या मागच्या जाळीला अख्ख्या ऑलिंपिकमध्ये चेंडू लागला नाही.

अंतिम सामन्याची एक गंमत आहे. तोवर जयपाल सिंग संघ सोडून गेले होते आणि फिरोज खान, शौकत अली, खेर सिंग हे तिघं आजारपण-दुखापतीने बाहेर होते. ध्यानचंदच्या अंगात ताप. हिशोब केलात तर लक्षात येईल की उभे राहू शकणारे जेमतेम अकरा उरले होते, त्यात इंग्लंडमध्ये येऊन मिळालेला युसुफ, आणि रेक्स नॉरिस. हो, तोच नॉरिस, पंधरा हजार रुपयांच्या तुटीपायी जो मुंबईतच राहणार होता!

परत आले तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर हजारो माणसं. एप्रिलपासून शहरात गिरण्यांचा मोठा संप चालू होता, तरीही. महापौर डॉ. जी. व्ही. देशमुख स्वागताला, गव्हर्नरचा माणूस स्वागताला. तेच बंदर, तेच खेळाडू, तेच शहर. मध्ये फक्त तीन महिने गेले होते.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते आणि तात्पर्य निघतं की "बघा, लोक कसे कृतघ्न असतात". मला हे तात्पर्य फारसं पटत नाही. एक तर तिघंच येण्याला इतर कारणंही असतील. हॉकीचा भारतीय संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला चालला होता. ऑलिंपिक म्हणजे काय हेच किती जणांना ठाऊक असणार? दुसरं म्हणजे, मुंबईच्या प्रेक्षकाने जे पाहिलं ते खोटं नव्हतं. संघ खरंच हरला होता. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला म्हणून कोणाला कृतघ्न कसं म्हणायचं?

चूक पाहण्यात नव्हती, हिशोबात होती. बघा हं. ३-२ या स्कोअरमध्ये दोन अज्ञात आहेत: एक ऑलिंपिक संघ आणि दुसरा मुंबईचा संघ. समीकरण मात्र एकच. (शाळेत शिकलोय, एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत.) मुंबईकरांनी काय केलं, तर दुसऱ्या अज्ञाताची किंमत स्वतःच ठरवली: "मुंबई म्हणजे साधारण टीम". आणि मग पहिल्याचं उत्तर आपोआप निघालं: "ऑलिंपिक संघ म्हणजे सुमार".

उलट धरून बघा. ज्या ॲलनला ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि नेदरलंड्स मिळून एकही गोल करू शकले नाहीत, त्याच्या संघावर मुंबईने एका दुपारी तीन गोल चढवले. सराव सामना होता, कोणी जीव तोडून खेळलं नसेल, सगळं मान्य. तरीसुद्धा, त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक बहुधा त्या वर्षी त्या संघाला मिळालेला सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी बघत होते. त्यांना वाटलं आपल्यासमोर एक वाईट टीम आहे. खरं म्हणजे त्यांच्यासमोर दोन उत्कृष्ट टीम होत्या, आणि त्यातली एक त्यांची स्वतःची होती. स्वतःच्या गावाची किंमत कमी धरली म्हणून परक्याची चुकली!

शिवाय जुना डेटा होताच की. १९२६ मध्ये भारतीय लष्कराचा संघ न्यूझीलंडला जाऊन आला होता, ध्यानचंद त्यात होते. २१ सामने, १८ विजय, २ बरोबरी, १ हार. एकीकडे एकवीस सामने, एकीकडे एक. पण तो एक आपण कालच बघितलेला असतो, आपल्या गावात, आपल्या डोळ्यांनी. डोळ्यापुढचा एक सामना लांबच्या एकवीस सामन्यांना खाऊन टाकतो. हे १९२८ मध्येही खरं होतं आणि परवाच्या मॅचनंतर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही खरं होतं.

मग सराव सामना बघून काहीच कळत नाही, असं म्हणायचं का? तसं अजिबात नाही. त्यासाठी आठ वर्षं पुढे जाऊया.

१९३६, बर्लिन. आता ध्यानचंद कर्णधार. (मधलं १९३२ चं लॉस एंजेलिस मी गाळतोय, कारण तिथे जाताना वाटेत सिलोनमध्ये सराव सामना २०-० असा जिंकला होता. २०-० मधून जिंकणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ!) संघात मुंबईकडून खेळणारे बाबू निमलही होते. १६ जूनला दिल्लीत तिथल्या स्थानिक संघाशी सामना झाला आणि ऑलिंपिक संघ ४-१ असा आपटला. दोन सुवर्णपदकं खिशात असलेल्या देशाचा संघ! ध्यानचंदनी लिहून ठेवलंय की दिल्लीला ते कधी हॉकीचं गाव समजत नव्हते, आणि ही हार त्यांच्या मनातून जाईना.

२७ जूनला संघ मुंबईहून 'रणपुरा' बोटीने निघाला, १३ जुलैला बर्लिनला पोचला, आणि १७ जुलैला जर्मनीशी सराव सामना. पुन्हा ४-१ ने हार. जर्मन प्रेक्षकांच्या आशा त्या दिवशी किती वर गेल्या असतील, कल्पना करा.

पण त्या रात्री भारतीय गोटात जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कर्णधार, व्यवस्थापक आणि काही जाणते खेळाडू एकत्र बसले. "आपण वाईट आहोत का" हा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. प्रश्न होता, "नेमकं कुठे गळतंय?" उत्तर निघालं: आघाडीच्या फळीत, इनसाइड-राइटला. त्या जागेचा माणूस, अली दारा, संघाबरोबर येऊ शकला नव्हता. लगेच भारतात तार केली: दाराला पाठवा. दारा विमानाने आला (१९३६ मध्ये विमानाने!), उपांत्य सामन्याच्या वेळेला पोचला. फ्रान्सविरुद्ध १०-०. आणि १५ ऑगस्टला अंतिम सामना, समोर तोच जर्मनी. मध्यंतराला फक्त १-०, आणि शेवटी ८-१. दाराचे दोन गोल. हाच दारा पुढे १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचा कर्णधार झाला, पण ती वेगळी गोष्ट.

आता दोन्ही सराव सामने शेजारी ठेवून बघा. १९२८ च्या मुंबईतल्या प्रेक्षकाने स्कोअर वाचला. १९३६ च्या बर्लिनमधल्या खेळाडूंनी सामना वाचला. स्कोअर वाचणाऱ्याच्या हाती एक शिक्का लागला, सामना वाचणाऱ्याच्या हाती एक कामाची यादी.

आपल्या धंद्यात याला फार सोपं उदाहरण आहे. टेस्टिंगला बिल्ड दिला आणि पहिल्या दिवशी चाळीस बग निघाले, तर नवखा मॅनेजर म्हणतो, "काय भिकार काम केलंय". जाणता म्हणतो, "बरं झालं, इथेच निघाले". टेस्ट असते ती बग सापडावेत म्हणून. एकही बग न सापडलेल्या टेस्टिंगचा मला तरी जास्त धसका वाटतो, सिलोनच्या त्या २०-० सारखा.

अगदी ताजं उदाहरण पाहिजे? एप्रिल २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या आधी, आपला पुरुष हॉकी संघ तयारीसाठी ऑस्ट्रेलियात पर्थला गेला. पाच सामने, पाचही हरले: १-५, २-४, १-२, १-३, २-३. "पाच-शून्य" हा स्कोअर. पण जरा सामने वाचा. पहिल्यात चार गोलांचं अंतर होतं, शेवटच्यात एकाचं. २ ऑगस्टला पॅरिसमध्ये त्याच ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवायला आपल्याला १९७२ नंतर ५२ वर्षं लागली होती! पुढे स्पेनला २-१ ने हरवून ब्राँझही आणलं. मी असं म्हणत नाही की पर्थमध्ये बसून कोणाला पॅरिस दिसलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की पर्थवरून "हे काय खेळणार" हे उत्तर निघत नव्हतं.

हे सगळं मी एवढं तावातावाने का लिहितोय? कारण ध्यानचंदचं काही बिघडलं नाही. तिघं आले काय, तीन हजार आले काय, त्यांची स्टिक तीच राहिली. बिघडतं ते इतरांचं. आमच्या आळीत एक पोरगा होता, मध्यमगती बॉलर. स्पर्धेआधीच्या एका प्रॅक्टिस मॅचमध्ये त्याला एका ओव्हरला चोवीस बसले. कट्ट्यावर निकाल लागला, निकाल त्याच्या घरी पोचला, आणि घरच्यांनी "आता दहावीचं बघ" म्हणून विषय संपवला. तो काय रणजी खेळला असता असं माझं म्हणणं नाही, बहुतेक नसताच खेळला. पण त्या दिवशी तो नवा स्लोअर बॉल टाकून बघत होता हे कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. सराव सामन्यात नाही तर माणसाने नवीन गोष्ट करून बघायची तरी कुठे?

प्रेक्षकाच्या मताने स्कोअर बदलत नाही, हे खरं. पण पैसे त्याच मताच्या मागे जातात, आईबाप त्याच मताच्या मागे जातात, निवड चाचणीला येणारे साहेबही कट्ट्यावरची कुजबुज ऐकून येतात. पंधरा हजार रुपये वेळेवर उभे राहिले नसते तर अंतिम सामन्यात अकरावा माणूस कोण होता? हा प्रश्न विचारला की ३-२ वरचं मत हा नुसता गप्पांचा विषय राहत नाही.

असो. शिक्के मारायचं आपण थांबवणार नाही, मीही नाही. त्यात मजा आहेच. फक्त पुढच्या वेळी सराव सामना बघताना तीन प्रश्न विचारून बघा. समोर कोण होतं? आपल्यातलं कोण नव्हतं? आणि आज हे काय करून बघत होते? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल मत द्या, मी ऐकेन. नाही मिळाली, तर चहा सांगा, आणि बोट सुटायच्या वेळी धक्क्यावर या. बर्न-मर्डॉक, न्यूहॅम आणि भट्टाचार्जी या तिघांनाही १० मार्चला ॲम्स्टरडॅमचा निकाल माहीत नव्हता. ३-२ मात्र माहीत होतं, आणि तरी ते आले होते.